सकाळी पिशवीचं रोबोटिक ऑपरेशन, संध्याकाळी घरी: तयारीपासून आतले टाके भरेपर्यंत

गर्भपिशवी रोबोटच्या मदतीने काढून त्याच संध्याकाळी घरी सोडणार म्हटल्यावर घरात दोन सूर निघतात. एक घाबरलेला: "एवढं मोठं ऑपरेशन आणि एक रात्रही ठेवणार नाहीत?" दुसरा निर्धास्त: "म्हणजे किरकोळच आहे, आठवड्यात उभी राहील." पहिल्या सुरातली भीती नीट तयारी केली की बरीच ओसरते. जास्त त्रास होतो तो दुसऱ्या सुराने. पोटावर दिसतात त्या साधारण ८ मिलिमीटरच्या चार-पाच जखमा. पण पिशवी जिथून कापून वेगळी केली, तिथे योनीमार्गाच्या वरच्या टोकाला टाक्यांची एक आडवी ओळ असते. ती कुणालाच दिसत नाही आणि पक्की व्हायला ८ ते १२ आठवडे घेते. दवाखान्यातला मुक्काम कमी झाला म्हणून ही मुदत एका दिवसानेही कमी होत नाही. खालचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रावर, बसून हात हलवतात आणि पोटातली अवजारं तशी हलतात. त्याच दिवशी घरी जाता येतं ते जखमा लहान असल्यामुळे, रक्त कमी गेल्यामुळे आणि भूल नीट बेतलेली असल्यामुळे. साध्या दुर्बिणीतून किंवा योनीमार्गातून पिशवी काढलेल्या बायकाही त्याच दिवशी घरी जाऊ शकतात. त्यामुळे 'लवकर घरी' एवढ्याच कारणासाठी कुणी रोबोटचा जादा खर्च सुचवत असेल, तर तुमच्या बाबतीत त्याचा नेमका फायदा काय, हे स्पष्ट विचारून घ्या. चिकटलेलं एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), आधीची सिझेरियन, मोठ्या गाठी, जास्त वजन किंवा गर्भाशयाचा कर्करोग असेल तर त्याचं ठोस उत्तर मिळू शकतं.

कुणी जावं, कुणी थांबावं

वय किंवा वजन एवढ्यावरून कुणाला नाही म्हणायचं कारण नाही. पाहायचं ते हे: बीपी, साखर, थायरॉइड आटोक्यात आहे का, पहिले २४ तास घरात सतत एक जाणतं माणूस असेल का, आणि रात्री गरज पडली तर तासाभरात दवाखाना गाठता येईल का. सातारा किंवा बारामतीहून पुण्यात ऑपरेशनला आलेल्या बाईने त्याच दिवशी घाट आणि टोलनाके ओलांडत गावी जाऊ नये. दवाखान्याजवळ नातेवाइकांकडे किंवा लॉजवर दोन रात्री काढणं हेच तिचं 'घरी जाणं'.

हृदयाचा मोठा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास किंवा घरी एकटं राहणं, यातलं काही असेल तर एक रात्र दवाखान्यात राहण्याची तयारी ठेवूनच जा. ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा होऊन ती शिवावी लागली, रक्त जास्त गेलं, पोट उघडावं लागलं किंवा ऑपरेशन संपायलाच संध्याकाळ झाली, तरी मुक्काम करावा. यात कुणाचं काही चुकलं असं नाही. म्हणून रात्रीच्या मुक्कामाची पिशवी भरून न्यायचीच.

आधीचे तीन-चार आठवडे

पहिलं काम हिमोग्लोबिनचं. पाळीत जास्त रक्त जाऊन आलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन बरेचदा ७-८ असतं. अशा अंगात थोडाही रक्तस्राव झाला की चक्कर येते आणि संध्याकाळची सुट्टी रद्द होते. गोळ्यांनी वाढायला महिने लागतात. शिरेतून दिलेल्या लोहाचा परिणाम दिसायलाही दोन ते चार आठवडे जातात, त्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरतानाच हा विषय काढा.

मिश्री, तंबाखू, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर होतो. बायका मिश्री 'व्यसनात' धरत नाहीत, त्यामुळे भूलतज्ज्ञांनी विचारलं तरी सांगायची राहून जाते. सांगाच.

औषधांची यादी पाकिटांसकट न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी त्या सकाळी बहुतेक वेळा देत नाहीत, कारण भुलीत बीपी फार खाली जाऊ शकतं. थायरॉइडची गोळी आणि अ‍ॅम्लोडिपिन मात्र सहसा घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. आठवड्याला एक घ्यायचं वजनाचं किंवा मधुमेहाचं इंजेक्शन असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं. काढे, चूर्णं, वजनाची पावडर, सगळं यादीत हवं. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.

गाडी लागत असेल, प्रवासात उलट्या होत असतील किंवा आधीच्या भुलीनंतर खूप ओकाऱ्या झाल्या असतील, तर तेही सांगा. बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक मिळणं, या चारही गोष्टी भुलीनंतरच्या उलट्यांचा धोका वाढवतात. आधी कळलं तर डेक्सामेथासोन, ओन्डान्सेट्रॉन अशी दोन-तीन औषधं मिळून देता येतात आणि भुलीची पद्धतही बदलता येते. दुखण्यापेक्षा मळमळीमुळे थांबावं लागलेल्या बायका कमी नसतात.

घरात आधीच करून ठेवायच्या गोष्टी: झोपायला कॉट. जमिनीवरच्या गादीवरून उठताना पोटावर सगळा ताण येतो, त्यामुळे दोन आठवड्यांपुरती कॉट शेजारून मागून आणा. देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची. दोन-तीन जास्तीच्या उशा, थर्मामीटर, सॅनिटरी पॅड, इसबगोल किंवा डॉक्टरांनी लिहिलेलं लॅक्टुलोज. औषधं आदल्या दिवशीच विकत आणून ठेवा, नाहीतर संध्याकाळी सुट्टी होते आणि रात्री नऊला घरचा माणूस मेडिकल शोधत फिरतो.

आदला दिवस आणि ती सकाळ

पोटावरचे, जांघेतले केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होतो. लागलंच तर दवाखान्यात क्लिपरने काढतील. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने अंघोळ करा. बेंबी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने आतून पुसा, कारण बरेचदा मुख्य छिद्र तिथेच किंवा तिच्या जरा वर असतं.

जोडव्यांचं आधीच बघा. वीस-वीस वर्षं बोटात रुतलेली जोडवी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निघत नाहीत. मग साबण, दोरा, कटर अशी धावपळ होते. आठवडाभर आधी काढायचा प्रयत्न करा, नाही निघाली तर सोनाराकडून कापून घ्या. मंगळसूत्र, नथ, चमकी, बांगड्या घरीच ठेवा. ऑपरेशनमध्ये विजेच्या प्रवाहाने कापतात आणि रक्त थांबवतात, त्यामुळे अंगावर धातू नको. नखांना रंगही नको, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र त्याने चुकू शकतं.

"रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही" हा नियम आता सरसकट पाळत नाहीत. सर्वसाधारण हिशेब असा: जड, तळलेलं खाऊन ८ तास, हलकं खाणं किंवा दूध पिऊन ६ तास, आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा पिऊन २ तास झालेले हवेत. दुधाचा चहा पाण्यात नाही, दुधात धरायचा. तहानलेली, उपाशी बाई भुलीतून उठल्यावर जास्त मळमळते. तरीही तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

शक्य असेल तर यादीतलं पहिलं ऑपरेशन मागून घ्या. सकाळी आठला सुरू झालेलं ऑपरेशन दोन-अडीच तासांत संपलं तर निरीक्षणाला पूर्ण दुपार मिळते. दोन वाजता सुरू झालेल्याला ती मिळत नाही.

दुपारचे ते पाच-सहा तास

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, कारण श्वासाची नळी घातलेली होती. डोळे, चेहरा थोडा सुजलेला दिसतो. ऑपरेशनभर टेबल डोक्याकडे उतरतं ठेवलेलं असतं, म्हणून. घरच्यांनी घाबरू नये, काही तासांत उतरतं.

पहिल्या एक-दोन तासांत पाण्याचे घोट, मग चहा-बिस्कीट किंवा उपमा. त्यानंतर आधार देऊन उठवतात. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, चक्कर नसेल तरच उभं राहायचं.

बहुतेकींची गाडी अडते ती लघवीपाशी. ही तपासणी समजून घ्या म्हणजे दडपण येत नाही. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी काढण्याआधी त्याच नळीतून साधारण ३०० मिलिलिटर सलाईन मूत्राशयात सोडतात. लघवीची जोराची भावना झाली की नळी काढतात आणि मापाच्या भांड्यात लघवी करायला सांगतात. २०० मिलिलिटर, म्हणजे घातलेल्याच्या दोन तृतीयांश बाहेर आली की तुम्ही पास. नळी नुसती काढून आपोआप लघवी होण्याची वाट पाहिली तर त्यातच कित्येक तास जातात, म्हणून ही भरून पाहायची पद्धत विचारून घ्या. पिशवी मूत्राशयाला चिकटून असते, ती सोडवताना मूत्राशयाला सूज येते. शिवाय भुलीच्या औषधांनी ते काही तास सुस्तावतं. तपासणीत नाही जमलं तरी घरी जाणं रद्दच होतं असं नाही. पायाला बांधायच्या पिशवीसह नळी ठेवून घरी पाठवतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. मूत्राशय ताणून फुगू देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

निघण्यापूर्वी इतकं जुळलेलं हवं: नाडी, बीपी, ऑक्सिजन स्थिर, खाल्लेलं पोटात टिकलंय, गोळ्यांवर दुखणं सोसवतंय, चालता येतंय, पॅडवर रक्ताचे डागच आहेत, पॅड भिजत नाही, लघवी झाली किंवा नळीची सोय झाली. नाडी विनाकारण शंभराच्या वर राहत असेल तर बिछान्यावरून उठायची घाई नको. आतला रक्तस्राव बीपी पडण्याच्या आधी बरेचदा नाडीतच दिसतो. तुमच्या मनाची तयारी नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा, हे कारण पुरेसं आहे.

विमा आणि बिल

वैद्यकीयदृष्ट्या चार वाजता तयार असलेली बाई आठपर्यंत खोलीत बसून राहते, याचं एक मोठं कारण कॅशलेसची मंजुरी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दवाखान्याची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. पण घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होतं, म्हणून दुपारी चालायला लागल्याबरोबर घरच्यांनी बिलिंगला कागद पाठवायला सांगावं.

२४ तासांपेक्षा कमी मुक्काम असेल तर दावा नाकारतील, ही भीती बहुतेकांना असते. तंत्रज्ञानामुळे २४ तासांच्या आत उरकणाऱ्या आणि भूल देऊन केलेल्या उपचारांना पॉलिसीत 'डे केअर' म्हणतात. तरीही पूर्वमंजुरीच्या अर्जातच "त्याच दिवशी सुट्टी" असं लिहून घ्या आणि मंजुरी लेखी हातात ठेवा. रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येत नाही, पण तिच्यासाठी खर्चाची वेगळी मर्यादा घालता येते. ती किती आहे ते बघा. गर्भाशयाच्या गाठींसाठी बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची प्रतीक्षा मुदत असते, तीही तपासा.

घरचा रस्ता आणि पहिली रात्र

रिक्षा आणि दुचाकी नको, गाडी हवी. पुढच्या सीटवर मागे रेलून बसा, पोट आणि सीटबेल्ट यांच्यात एक उशी धरा. गतिरोधकावर ती उशी पोटाशी दाबून धरली की धक्का कमी बसतो. खोकताना, शिंकताना, हसतानाही हीच युक्ती. उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी हाताशी असू द्या. लिफ्ट नसेल तर जिने चढायला हरकत नाही. सावकाश, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून.

बिछान्यावरून उठायची पद्धत शिकून घ्या: गुडघे दुमडा, पूर्ण कुशीवर वळा, पाय कडेवरून खाली सोडा आणि कोपर-तळव्याने ढकलत अंग उचला. उताणं असताना सरळ उठून बसायला जाऊ नका.

गोळ्या दुखायला लागल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, निदान पहिले तीन दिवस. बहुतेक वेळा पॅरासिटामॉल दर सहा तासांनी आणि जेवणानंतर आयबुप्रोफेन किंवा तशी दुसरी गोळी, अशी जोडी लिहून देतात. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल तर ही दुसरी गोळी चालत नाही. आपल्याकडे सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे दुहेरी पॅरासिटामॉल. डोलो ६५० मध्ये ते आहे, कॉम्बिफ्लाममध्येही आहे, आणि ट्रामाडॉलच्या जोडगोळीतही असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून सगळ्यांची बेरीज करा. चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. गोळी घेतली की कागदावर वेळ मांडा. अर्धवट झोपेत आठवणीवर भरवसा ठेवू नका.

मग खांदा दुखतो, आणि घरात एकदम हृदयविकाराची शंका येते. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. उरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून जाते, म्हणून दुखतं खांद्याच्या टोकाला. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, दोन-तीन दिवसांत जातं. खांद्यावर कोमट शेक चालेल. पण दुखण्याबरोबर धाप लागली, छातीत दाब आला, घाम फुटला तर गॅस म्हणून सोडून देऊ नका, लगेच दवाखाना गाठा.

पहिले दहा-बारा दिवस

जागेपणी दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं घरातल्या घरात चाला. झोपलेलं असताना पावलं वरखाली हलवत राहा. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये, वायू सरावा, यासाठी याहून साधा उपाय नाही. कर्करोगासाठी ऑपरेशन झालं असेल तर गुठळ्या टाळायची इंजेक्शनं घरीही काही दिवस घ्यावी लागू शकतात. ती कोण देणार, हे निघण्यापूर्वी ठरवा.

जेवण साधं: वरण-भात-तूप, मुगाची खिचडी, ताक, भाज्या. पोट फुगलेलं असताना वाल, छोले, सोडा टाळा. ऑपरेशननंतर बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू आणि तुपाचा मारा करायची गरज नाही. शौचाला कुंथायचं नाही, त्याने आतल्या टाक्यांवरच जोर येतो. तिसऱ्या दिवसापर्यंत शौचाला झालं नाही तर फोन करा.

दुसऱ्या दिवसापासून अंगावर पाणी घेऊन अंघोळ चालते. जखमा चोळू नका, टिपून कोरड्या करा. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. छिद्रांभोवती हिरवट-निळे डाग पडतात, ते आपोआप जातात. गुलाबी-तपकिरी स्राव काही आठवडे येत राहतो. आतले टाके विरघळू लागले की दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तो दोन-एक दिवस जरा वाढू शकतो. योनीमार्गात बोट, डूश (आत पाणी मारून धुणं), टॅम्पॉन काहीही घालू नका.

कधी थांबायचं नाही

एक कसोटी सगळ्यांनी पाठ करावी: रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं बरं वाटलं पाहिजे. कालच्यापेक्षा आज पोट जास्त दुखतंय, जास्त फुगलंय, भूक गेली, उलट्या होतायत, तर तो 'गॅस' असेलच असं धरून ओवा-हिंग देत बसू नका. आतड्याला बारीक भाजलेली जागा असेल तर ती दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा उघडी पडते. उशीर तिथेच महागात पडतो.

तासाला एक पॅड भिजणं, १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीची सूज आणि दुखणं, अचानक धाप, लघवी अडणं, यांतलं काहीही असेल तर रात्र असो की पहाट, फोन. योनीतून सतत पाण्यासारखं गळत असेल किंवा एका कुशीत कंबरेच्या वर दुखून ताप येत असेल, तर मूत्रवाहिनी किंवा मूत्राशयाला इजा झाली नाही ना, हे पाहावं लागतं. हे एक-दोन आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं.

विरळ, पण माहीत असलंच पाहिजे असं एक: आतले टाके उसवणं. हे आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही होतं, बरेचदा संबंधानंतर किंवा जोर लावल्यावर. एकदम पाणी किंवा रक्त जातं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका. आडवं व्हा, गुडघे दुमडा, स्वच्छ ओला कपडा वर ठेवा, तोंडाने काही घेऊ नका आणि १०८ ला फोन करा.

बारा आठवड्यांचा हिशेब

पहिले सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलू नका. मापाला: पाण्याची ५ लिटरची कळशी म्हणजे ५ किलो, त्यात कळशीचं वजन वेगळं. अर्धी बादलीसुद्धा बहुधा याहून जड होते. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो सरकवायचाही नाही. नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, आपण बसून मांडीवर घ्यायचं. दोन आठवड्यांनी हलका स्वयंपाक, बसून भाजी निवडणं चालेल. कणीक मळणं आणि ओट्यापाशी सलग तास-तास उभं राहणं त्यानंतर हळूहळू. बैठं ऑफिसकाम बहुतेकींना दोन ते चार आठवड्यांत जमतं. कार स्वतः चालवायची तर अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ यायला नको, आणि गुंगीची गोळी बंद झालेली हवी. स्कूटर खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याहून उशिरा.

शरीरसंबंध निदान ८ आठवडे नाहीत, बरेच सर्जन १२ सांगतात, आणि तेही आतले टाके तपासून झाल्यावर. रोबोटिक आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये योनीमार्गाच्या टोकाची कड बहुधा विजेच्या प्रवाहाने कापलेली असते, त्यामुळे ती भरायला जास्त वेळ लागतो असं मानतात. हे नवऱ्याला बाईने एकटीने सांगावं लागू नये. सुट्टीच्या वेळी दोघांना समोर बसवून डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी सांगावं, आणि कार्डावर तारीख लिहून द्यावी.

पहिली तपासणी एक ते दोन आठवड्यांनी. त्या दिवशी काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, मूळ प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा. अंडाशयं काढली की ठेवली, हेही ऑपरेशनच्या नोंदीत वाचून घ्या. काढली असतील तर काही दिवसांतच अंगातून गरम वाफा निघणं, झोप उडणं सुरू होऊ शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.